ओळखणारे आणि सांगणारे

रहस्यपट पाहताना शेजारी कोण बसले आहे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी रसास्वादाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. आमच्या मित्रमंडळीत एक गृहस्थ असे आहेत, की मध्यंतराच्या आतच ते माझ्या कानाला लागतात. "सर, बघा की, एवढा मोठा नट आणि नुसता चहाचे कप उचलतोय होय? ह्यानंच केलंय!" हा तर्क कथेवरून केलेला नसतो, कोणत्या नटाला किती पैसे मोजले असतील, यावरून केलेला असतो. आणि पुष्कळदा तो बरोबर ठरतो, हेच दुःख! पटकथाकाराने पेरलेला एकही दुवा त्यांनी पाहिलेला नसतो. रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिणाऱ्याला गणिताच्या पेपरात मी पूर्ण गुण देत नाही.

या जातीचा धसका मोठमोठ्यांनी घेतलेला आहे. लंडनला १९५२ साली सुरू झालेल्या अगाथा ख्रिस्तीच्या 'द माउसट्रॅप' नाटकाच्या अखेरीस रहस्य न फोडण्याची विनंती प्रेक्षकांना करतात. हिचकॉकने तर 'सायको' (१९६०) सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही, असा दंडकच घातला होता. पण हा सारा बंदोबस्त दारावरचा. आत शेजारच्या खुर्चीचे काय? त्यावर हिचकॉकचाच दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. त्रुफोशी झालेल्या संवादात तो सांगतो, की टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच कळू द्यावे, टेबलाशी गप्पा मारणाऱ्यांना मात्र कळू देऊ नये. मग क्षणभराच्या धक्क्याऐवजी पंधरा मिनिटांची धाकधूक मिळते. आणि ओळखण्यासारखे काही न उरल्याने ओळखणाराही गप्प बसतो.

आपल्याकडे ही जाण फार जुनी. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत शाप नाही, अंगठीही नाही. दुष्यंत सारे आठवत असूनही तिला नाकारतो. कालिदासाने शाप आणला, तो प्रेक्षकाला ऐकवला आणि शकुंतलेच्या कानी जाऊ दिला नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा शेवट ठाऊक नसलेला प्रेक्षक त्यांना कुठून मिळणार होता?

मग रहस्य फुटले तर बिघडते तरी काय? याचे उत्तर मला 'दृश्यम'ने दिले. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३चा. कन्नड 'दृश्य' २०१४ साली आला आणि निशिकांत कामत यांचा हिंदी 'दृश्यम' २०१५ साली. आपल्या दुभाषिक भागात त्यामुळे मोठी गंमत झाली. हिंदी पाहायला आलेल्यांपैकी काहींनी कन्नड आधीच पाहिलेला. तरी ते ओळखल्याचा आव आणून शेवट सांगत होते! माहीत असणे आणि ओळखणे यांतला फरक एवढा सोयीने विसरला गेलेला मी क्वचितच पाहिला.

यात गुन्हा काय घडला ते आपल्याला आधीच दाखवलेले आहे. कामतांनी कथा गोव्यात नेली. केबलचा धंदा करणारा, जेमतेम चौथीपर्यंत गेलेला विजय साळगावकर रात्र रात्र सिनेमे पाहतो. पूर्वार्ध रेंगाळतो हे खरे. पण तिथेच तो घडतो. पोलीस पुढे काय विचारतील हे त्याला पडद्यावरून शिकलेल्या विद्येने आधीच कळते. म्हणजे हा नायकही ओळखणाराच! फरक इतकाच, की तो ओळखून तोंड मिटून बसतो. पणजीची सहल, बसची तिकिटे, हॉटेलचे बिल अशा आपल्यापैकी कुणाच्याही खिशात सापडणाऱ्या वस्तूंतून तो तटबंदी उभारतो; आणि अजय देवगणचा एरवी खटकणारा निर्विकार चेहरा इथे अगदी कामी येतो.

हिचकॉकचा बॉम्ब टेबलाखाली होता. इथे आपणही त्याच टेबलाशी बसलो आहोत. कायद्याने दोषी असलेल्या कुटुंबाने सुटावे असे आपल्याला मनापासून वाटू लागते. कमलेश सावंतांचा गायतोंडे मुलींवर हात उगारतो तेव्हा तर शंकाच उरत नाही. आणि नेमके तेव्हाच आठवते, की समोरच्या पोलीस महानिरीक्षक बाईंचा मुलगा नाहीसा झालेला आहे. कुणाच्या बाजूने उभे राहावे, ही ओढाताण हाच या चित्रपटाचा रस. शेजारचा शेवट सांगतो तेव्हा आपली ही ओढाताण हिरावून घेतो. निकाल कळलेला माणूस बाजू घेत नाही, नुसता पडताळा पाहत बसतो.

अखेरचे दृश्य काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी, आणि पाहिला असेल त्यांनीही, एवढेच पाहावे, की शेवटाकडे तब्बूच्या चेहऱ्यावरची अधिकाऱ्याची जरब कधी ओसरते आणि तिथे नुसती आई कधी उरते.