बारा फुटांवरची मुंबई

डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाचे डोळे रस्त्यापासून साधारण बारा फुटांवर असतात. मुंबईच्या फोर्टात या उंचीला फार मोल आहे. फुटपाथवरून चालताना दिसतात दुकानांच्या पाट्या, फेरीवाल्यांची ताडपत्री आणि पुढच्या माणसाची पाठ. विसाव्या मजल्यावरून गच्च्या दिसतात, पाण्याच्या टाक्या दिसतात. बारा फुटांवर मात्र खांबांची शीर्षं, कमानींची टोकं आणि सज्ज्यांचे कठडे असे समोर येतात की हात लांबवला तर लागतील असं वाटतं. पाथरवटांची छिन्नी जिथे सगळ्यात जास्त रेंगाळली, नेमकी ती जागा. हे शहर वाचायचं असेल तर पुस्तक कोणत्या अंतरावर धरायचं, ते मला या बसने शिकवलं.

माझी पहिली फेरी ‘नीलांबरी’तून झाली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही उघड्या छताची बस गेटवेपासून निघायची, फोर्ट, मंत्रालय, मरीन ड्राइव्ह, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी असा फेरा घालून पुन्हा गेटवेला यायची. शेवटच्या वर्षांत वर बसायला दीडशे रुपये आणि खाली बसायला पंचाहत्तर. खाली बसणं म्हणजे गाणं ऐकायला जाऊन दाराबाहेर थांबणं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ती जुनी बस निवृत्त झाली. त्याआधी, नोव्हेंबर 2021 मध्ये बेस्टने चढा-उतराची बसही सुरू केली होती. तेव्हा 150 रुपयांचं एक तिकीट काढायचं, वाटेल त्या थांब्यावर उतरायचं, मन भरलं की मागून येणारी बस पकडायची. परदेशातल्या कितीतरी शहरांत पाहुण्यांसाठी अशा बस असतात. आपल्याच गावात आपण तिच्यात बसावं, हा विचार मात्र फार थोड्यांच्या मनात येतो.

आमच्या घरी तर नाहीच आला. आत्याला म्हटलं, चल. ती म्हणाली, ‘‘अरे, चौतीस वर्षं फोर्टात नोकरी केली मी. मला काय मुंबई दाखवतोस?’’ तिचं चुकत नव्हतं. गिरगावात जन्मलेली, लग्नानंतर डोंबिवलीला गेलेली, रोज सीएसएमटीला उतरणारी बाई. पण फोर्टातली तिची प्रत्येक बस कुठेतरी वेळेवर पोहोचण्यासाठी होती. ही बस कुठेच पोहोचवत नाही. जिथे चढलो तिथेच आणून सोडते. मधला तास-सव्वा तास फक्त बघण्याचा असतो, आणि आपल्या शहरात असा तास आपण स्वतःला जवळजवळ कधीच देत नाही.

या फेरीची रचना मला फार आवडते. सुरुवात गेटवेपासून. जॉर्ज विटेट याने आराखडा केलेली ही कमान 1924 मध्ये पुरी झाली. तिथून दोन मिनिटांवर रीगल सिनेमा, 1933 चा. रीगलचा वास्तुरचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स, आणि त्याचे वडील फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स म्हणजे सीएसएमटी आणि महापालिकेची इमारत उभी करणारे. सुरुवातीला मुलगा भेटतो आणि बरंच पुढे गेल्यावर वडील. बापलेकांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर आहे. वडिलांच्या हातचा दगड वेलबुट्टीने भरलेला, मुलाच्या भिंती सरळ आणि मोकळ्या. एका घरातली आवड एका पिढीत कशी पालटते, ते एका तिकिटात कळतं.

मरीन ड्राइव्हबद्दल फार लिहीत नाही. ते सगळ्यांचंच आहे आणि कुठूनही देखणं दिसतं. वारा अंगावर घ्यावा आणि पुढे जावं.

खरी मेजवानी ओव्हल मैदानाची. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. या सगळ्याला मिळून 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. 94 इमारती आहेत त्या यादीत. खालून चालताना मैदानाचं कुंपण आणि उभ्या गाड्या मध्ये येतात. बसच्या वरच्या मजल्यावरून क्रिकेटच्या दहा-बारा खेळपट्ट्यांवरून नजर थेट पलीकडे जाते, आणि दोन काळ समोरासमोर बसलेले दिसतात. डेको इमारतींचे छज्जे पापण्यांसारखे खिडक्यांवर ओढलेले आणि इमारतीचं नाव उठावाच्या अक्षरांत दर्शनी भिंतीवर कोरलेलं. ती अक्षरं वाचायला वरचा मजलाच हवा. मैदानाच्या उत्तर टोकाला इरॉस सिनेमा, 1938 चा, सोहराबजी भेदवार यांचा. इथवर येईपर्यंत शहराची रेघ काढणारा हात आपला झालेला आहे.

पण समोरच्या, साठेक वर्षं आधीच्या बाजूलाही आपला हात होताच. फक्त तो शोधावा लागतो. राजाबाई टॉवरचा आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधीच आले नाहीत, कागद पाठवले. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. काम 1869 ते 1878. बसमधल्या निवेदनाला वेळ थोडा असतो, तेवढ्यात ही तीन नावं आणि 280 फूट उंची सांगून होते. चौथं नाव राहून जातं: रावबहादूर मुकुंद रामचंद्र. या मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातींच्या माणसांचे 24 पुतळे आहेत, ते यांनी घडवलेले. युरोपात अशा मनोऱ्यांवर संत आणि राजे उभे असतात. इथे रस्त्यात भेटणारी माणसं उभी आहेत, आपापल्या वेशात. ही कल्पना मला त्या सबंध इमारतीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. दगडाचंही तसंच. भिंतींचा खरबरीत दगड कुर्ल्याचा, नक्षीकामाचा पोरबंदरचा. आराखडा बोटीने आला, दगड इथला.

याच्या अगदी उलट गोष्ट हुतात्मा चौकात. फ्लोरा फाउंटन 1864 चं. देवता रोमन, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा, घडवणाराही तिकडचा. आणि तिच्या शेजारी 1961 मध्ये उभं राहिलेलं संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, एक मशाल मिळून धरलेले शेतकरी आणि कामगार. रस्त्यावरून या दोन्ही शिल्पांकडे मान वर करून बघावं लागतं आणि गाड्यांच्या गर्दीत तेही होत नाही. बसमधून नजर जरा वरच्या अंगाला सरकते, मध्ये काहीच येत नाही. मी इथे सिग्नल लाल पडावा अशी मनोमन इच्छा करत असतो. मुंबईत सिग्नलची वाट बघण्याचं सुख याच एका प्रवासात आहे.

सीएसएमटीच्या समोर बस मंदावली तेव्हा, अखेर माझ्यासोबत आलेली आत्या म्हणाली, ‘‘हे घड्याळ मला पाठ आहे.’’ खरंच होतं ते. चौतीस वर्षं तिने त्या इमारतीचं घड्याळ तेवढं पाहिलं होतं, बाकी तिची नजर इंडिकेटरवर. काम 1878 मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. हे एकदा कळलं की ती इमारत वेगळी दिसू लागते. स्टीव्हन्सने कमानी, घुमट, मनोरे ठरवले, पण कमानींच्या भरावात मोर पिसारा फुलवून बसला आहे, पानांच्या गर्दीतून प्राणी डोकावत आहेत. गॉथिक वहीत आपल्या मुलांनी काढलेली ही चित्रं. फाटकाच्या खांबांवर दोन जनावरं आहेत, एकावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. खालून ती डोक्यावर असतात, बसमधून जवळजवळ समोरासमोर येतात, आणि वाघ सिंहाहून रतीभरही लहान केलेला नाही हे तेव्हा लक्षात येतं.

मग मी आत्याला दर्शनी भिंतीवरचे चेहरे दाखवले. जीआयपी या जुन्या रेल्वे कंपनीशी संबंधित माणसांचे ते उठावातले मुखवटे. बहुतेक साहेब. त्यांच्यात जमशेटजी जिजीभाई आहेत, आणि जगन्नाथ शंकरशेट आहेत. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिच्यामागे उभे राहिलेले आमचे गिरगावचे नाना. ते 1865 मध्येच गेले, ही इमारत त्यांनी पाहिली नाही. आत्या सीटवरून अर्धी उठली. ‘‘नाना? आपले नाना शंकरशेट? आणि मी रोज यांच्या समोरून जात होते?’’ बस वळली तरी ती मागे वळून बघत होती. पुढच्या थांब्यावर तिने मला उतरायला लावलं आणि आम्ही चालत मागे आलो. दुपारचा साडेचारचा सुमार, पश्चिमेचं ऊन भिंतीवर आलेलं. मालाडचा पिवळा दगड त्या उन्हात जसा उजळतो तसा दिवसभरात कधीच नाही.

चढा-उतराच्या बसची गंमत ती हीच. वरून अख्खा मजकूर दिसतो, एखाद्या ओळीवर नजर अडकते, तेव्हा उतरायचं आणि ती ओळ पायांवर उभं राहून पुन्हा वाचायची. नुसतं बसून राहिलं तर फेरी होते, नुसतं चालत राहिलं तर ओळी सापडतच नाहीत. आणि सगळे थांबे घ्यायचा हव्यास नको. एका दिवसात एकच थांबा पुरतो, फार तर दोन.

या शहरात दुमजली वाहनांची सवय जुनी आहे. 1920 मध्ये दुमजली ट्राम आली, 1937 मध्ये दुमजली बस. नव्वदीच्या सुरुवातीला बेस्टकडे अशा नऊशेच्या आसपास बस होत्या, म्हणजे रोज लाखो मुंबईकर कामावर जाता जाता बारा फुटांवरून शहर बघत होते. माझ्या वडिलांची पिढी वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटसाठी एक बस सोडून द्यायची. डिझेलवरची शेवटची डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये थांबली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बस सुरू झाल्या. छत बंद, वारा नाही, उन्हात तापलेल्या दगडाचा वास नाही. ही उणीव मोठी आहे, आणि उघड्या बसची जागा काचेने भरून निघत नाही. तरी पुढची काच रुंद आहे आणि उंची तीच आहे.

म्हणून सांगतो, एखाद्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास निघा. घरातलं एखादं वडीलधारं माणूस सोबत घ्या, ज्याने फोर्टात नोकरी केली असेल असं. वरच्या मजल्यावर पुढे बसा. ओव्हलपाशी उतरा, कुंपणाशी उभे राहा आणि राजाबाई टॉवरवरचे पुतळे मोजायला लागा. चोवीस आहेत.