बंपरची मजबुती आणि चाचणीचा निकष : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मोटारीचा बंपर ही वरवर पाहता क्षुल्लक वस्तू आहे. तथापि त्याच्या मजबुतीची परीक्षा कशी घेतली गेली हे पाहिल्यास 'सुरक्षितता' या संकल्पनेत झालेला बदल स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात या परीक्षेमागील निकषाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
सुरुवातीच्या काळातील बंपर म्हणजे मोटारीच्या पुढे बसविलेली धातूची पट्टी होय. साहजिकच धडकेत ती वाकते की टिकते, यावरच तिचा कस ठरे. अमेरिकेने १९७३ च्या मोटारींसाठी केलेल्या नियमातही पुढील बंपरने ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाची धडक सोसावी आणि दिवे, इंधनव्यवस्था इत्यादींना बाधा पोहोचू नये, एवढीच अपेक्षा होती. या परीक्षेत प्रामुख्याने रक्षण होते ते वाहनाचे, माणसाचे नव्हे.

वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात गतिज ऊर्जा वाढते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' या मूल्यांकनात समोरील धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली जाते. हा वेग उपरोक्त वेगाच्या ८ पट असला तरी त्याच मोटारीची ऊर्जा ६४ पट होते. एवढी ऊर्जा कोणताही बंपर एकटा शोषू शकत नाही. म्हणूनच पुढील भाग ठरवून चुरगळावा आणि प्रवाशांचा कक्ष अभंग राहावा, अशी रचना स्वीकारली गेली. येथे निकषच बदलला. पट्टी टिकली का, याऐवजी चालकाच्या जागी बसविलेल्या मानवाकृती पुतळ्याच्या डोक्यावर व छातीवर किती आघात झाला, हे मोजले जाऊ लागले.

परंतु लोकमानसातील निकष मात्र जुनाच राहिला आहे. चकलांबा, गेवराई परिसरातील रस्त्यांवर जीपगाड्यांच्या पुढे बसविलेले जाड लोखंडी गार्ड आजही 'मजबूत गाडी'चे लक्षण मानले जाते. वस्तुतः असे गार्ड धडकेचा आघात थेट सांगाड्याकडे नेते व एअरबॅग योग्य क्षणी उघडण्यात अडथळा आणू शकते. पादचारी, दुचाकीस्वार यांच्यासाठी तर ते अधिकच घातक ठरते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्याचे निर्देश दिले. तथापि केवळ दंडाने समजूत बदलत नाही.

अर्थात नव्या चाचणीलाही मर्यादा आहेत. 'भारत एनकॅप' ऐच्छिक आहे आणि त्यातील तारांकन मुख्यतः मोटारीत बसलेल्यांविषयी बोलते. शेताकडे पायी निघालेला मजूर त्या ताऱ्यांत जवळजवळ दिसत नाही.

समारोप :
सारांश, चाचणी ही केवळ तांत्रिक क्रिया नसून कोणाचा जीव मोलाचा मानावा याविषयीचा तो सामाजिक निर्णयही असतो. 'बंपर किती मजबूत?' हा प्रश्न अपुरा आहे. 'ही मजबुती कोणासाठी आणि तिची किंमत कोण मोजतो?' असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला शिकविणे, ही महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी ठरते.