खोतीची सनद आणि आडनावाची साक्ष

मंडणगडकडील घराण्यांचा मूळपुरुष शोधताना कुलवृत्तांतकार बहुधा खोतीच्या सनदेपाशी थांबतात. वस्तुतः सनद वसुलीचा हक्क सांगते, वस्तीचा आरंभ नव्हे. कसणारी कुळे तीत यावीत कशी? शिवाय बाणकोट इंग्रजांकडे १७५६ मध्ये गेले, उर्वरित मुलूख १८१८ मध्ये. हा कालभेदही दुर्लक्षिला जातो. १८७२ च्या खानेसुमारीचे छापील तक्ते जातिधर्मांच्या संख्या देतात, आडनावे नव्हेत.

भाषिक पुरावा अधिक बोलका आहे. डॉ. आंबेडकरांचे घराणे सकपाळांचे. ‘आंबडवेकर’ हे नाव शाळेच्या दप्तरात आले. आंबडव्यात सारेच आंबडवेकर, तेव्हा तेथे त्या नावाने ओळख पटणार कोणाची? ‘-कर’ हा प्रत्यय निवासापेक्षा स्थलांतराचीच साक्ष देतो, आणि सनदेत नसलेल्या घराण्यांचा माग तेथूनच लागू शकतो.