देश वाचतो म्हणजे नेमकं कोण वाचतं?

आज एका सरकारी योजनेची चिकित्सा करायची आहे. पण आधी तिचं श्रेय तिला देऊ. 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन'ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. आयआयटीतला मुलगा वाचतो तोच शोधनिबंध गडचिरोलीच्या विद्यापीठातल्या मुलीलाही वाचता यावा, हा हेतू. भागाकार करून बघा, माणशी वर्षाला साधारण अकराशे रुपये पडतात. ही लहान गोष्ट नव्हे.

मग आक्षेप कशाला? तर 'नेशन' या शब्दाला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही खोडच असते. पहिल्या टप्प्यात राष्ट्र म्हणजे सरकारी संस्था. खासगी महाविद्यालयातली प्राध्यापिका बाहेर, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर बाहेर. मीही बाहेर. निवृत्त झालो, लॉगिन बंद झालं, आणि एके दिवशी माझाच जुना लेख वाचायला माझ्याकडेच पैसे मागितले गेले! आधी हसू आलं, मग राग. कर मात्र आम्ही सगळेच भरतो.

आइसलँडने पाव शतकापूर्वी असा देशव्यापी करार केला. तिथल्या इंटरनेट जोडणीवरून कोणीही, मग तो मासेमारी करणारा का असेना, करारातली नियतकालिकं वाचू शकतो. तुम्ही म्हणाल, त्यांची लोकसंख्या चार लाखसुद्धा नाही. मान्य. पण मुद्दा खर्चाचा नाही, निकषाचा आहे. तिथे वाचकाला विचारतात, 'तू या देशात आहेस ना?' आपण विचारतो, 'तू कोणत्या संस्थेचा?' पहिल्या प्रश्नात नागरिक दिसतो, दुसऱ्यात ओळखपत्र.

शिवाय वर्गणी म्हणजे शेवटी भाडंच. २०२७ संपलं की पुन्हा वाटाघाटी आल्या. तेव्हा एक साधी मागणी आपण करू शकतो: प्रत्येक जिल्हा ग्रंथालयातल्या निदान एका संगणकावर ही नियतकालिकं कुणालाही उघडता यावीत. आपल्या महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. इमारती आहेत, ग्रंथपाल आहेत. दार तेवढं उघडायचं राहिलंय. ते उघडलं, तर योजनेचं नाव खरं होईल.