आंग्ऱ्यांचें आरमार आणि ‘जर-तर’चा इतिहास

तुळाजी आंग्ऱ्याचें आरमार पेशव्यांनीं इंग्रजांकरवीं नष्ट करविलें नसतें, तर इंग्रजांचें राज्य झालेंच नसतें, असें विधान वारंवार करण्यांत येतें. विधान ओजस्वी आहे. पुराव्याच्या कसास मात्र तें उतरत नाहीं.

फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या खाडींत तें आरमार ॲडमिरल वॉटसनच्या माऱ्यानें जळालें. आंग्ऱ्यांच्या गुराबा व गलबतें किनाऱ्यालगत चपळ; वॉटसनचीं जहाजें मात्र खुद्द इंग्लंडच्या राजाचीं, भर समुद्रांत लढण्याकरितां बांधलेलीं. हा भेद विधानकर्ते विचारांत घेत नाहींत. शिवाय पुढें आनंदराव धुळपानें पेशव्यांच्या आरमारानिशीं १७८३ त ‘रेंजर’ हें इंग्रजी जहाज पकडलें; तेव्हां १७५६ त मराठ्यांचें आरमार संपलें, हेंही खरें नव्हे.

खरी चूक वर्षभर आधींची. मार्च १७५५ च्या तहानें समुद्रावरील मोहिमेचें चालकत्व नानासाहेबांनीं इंग्रजांस दिलें, व वर बाणकोटही देऊं केलें. घरच्या बंडखोरावर परक्याची कुमक घेणें एकवेळ समजूं शकतें. पण पाण्यावरची मुखत्यारीच त्याच्या हातीं देणें समर्थनीय नाहीं. ‘जर’ विचारावयाचाच, तर या कलमापाशीं विचारावा.

म्हणून संग्राहकांस विनंति, कीं गलबतांची बांधणी, दारूगोळा व खलाशांचे रोजमुरे यांचे कागद किरकोळ समजून रुमालांत बांधून ठेवूं नयेत. स्वबळावर आरमार पोसणें पेशव्यांस शक्य होतें कीं नाहीं, याचा निर्णय त्या हिशेबांवरूनच होणार आहे.