बापाचा रकाना

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगावची कोतवाल बुकं बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. पोरं मोबाईलवर पानांचे फोटो काढून खापरपणजोबा हुडकू लागली. चांगलंच झालं. पण या घाईत एक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. जन्माच्या नोंदीतला बाप म्हणजे रक्ताचा पुरावा नव्हे. गावानं ज्याला बाप मानलं, त्याचं ते नाव.

नोंद बघा. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. पोराचं नाव बहुतेकदा नसतंच. कितीतरी पानांवर आईही नाही. सांगणारा गावचा, लिहिणाराही गावचा. अशा वहीत काही लपवायला फार खटपट लागत नव्हती. चार तोंडं गप्प राहिली की झालं.

ती गप्प ठेवायच्या रीती म्हाताऱ्यांना पाठ होत्या. “सातव्याच म्हैन्यात झालं गं पोर,” असं एकीनं म्हणायचं. दुसरीनं “नखं-केसं तर भरल्याली हाईत की,” एवढं पुटपुटून विषय सोडायचा. कुठं आजीच आई व्हायची. लेकीचं पोर आपलं शेंडेफळ म्हणून वाढवायची. यात कपट होतं तशी मायाही होती. पोराला कुणी बोट दाखवू नये, एवढंच त्या माउलीला हवं असायचं.

उच्चवर्णीय विधवेला ही सोय नव्हती. तिला यात्रेच्या नावाखाली पंढरपुरात आणून सोडत. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच बायकांसाठी. १८७५ साली पंढरपुरातही तसं गृह निघालं. फुले दांपत्यानं एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याला आपलं नाव दिलं, डॉक्टर केलं. तो बापाचा रकाना खोटा म्हणायची कुणाची छाती आहे? १८८१ साली मात्र विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल सुरतेच्या कोर्टानं फाशी सुनावली. पुढं शिक्षा कमी झाली. त्या गदारोळानं चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. फास बाईच्या गळ्याभोवती आला. ज्याचं मूल होतं तो पुरुष कुठल्याच चर्चेत नव्हता.

माझी तक्रार आहे ती आपल्या कुळवृत्तांतांवर. मूळपुरुषापासून नातवापर्यंत सगळं कसं सरळ रेषेत! ‘निपुत्रिक’, ‘परागंदा’, ‘दत्तक गेला’ हे शब्द छापतात. पण ज्यांना गाव लेकावळे किंवा अकरमासे म्हणायचं, त्यांची फांदी कुठल्याच झाडाला नाही. बारा माशांचा तोळा. अकरा भरले तर सोनं उणं. उणेपण चिकटलं पोराला, बाप पुरा तोळाच राहिला. १९८४ साली शरणकुमार लिंबाळ्यांनी ‘अक्करमाशी’ लिहून ते शिवीचं नाव पुस्तकाच्या कपाळावरच लावलं. पाटील बाप आणि महार आई यांच्या पोराची ती कहाणी. जे वाड्यांच्या वंशावळीत आलं नाही, ते महारवाड्यातून लिहून आलं.

म्हणून आज वही चाळणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, विचित्र नोंद दिसली की लगेच पाप शोधू नका. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद तिथल्या गावात सापडते. पाट लावलेल्या बाईसोबत आलेलं पोर दुसऱ्या नवऱ्याच्या नावानं वाढतं. त्यात लपवाछपवी कसली? दोन, खरंच काही सापडलं तर आधी विचारा, हे झाकण कुणासाठी होतं? पोरासाठी असेल तर हात जोडा आणि पान मिटा. त्याची नातवंडं गावात नांदत असतील. बापासाठी असेल, तर निदान वंशावळीत त्या बाईचं नाव घाला.

सुप्रीम कोर्टानं २०१५ साली सांगितलं, अविवाहित आईला बापाचं नाव न सांगताही मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. कागद सुधारला. पण शाळेत, चावडीवर, सोयरिकीच्या बैठकीत अजून पहिला सवाल तोच असतो, “कुणाचा रं तू?” आणि उत्तरात आईचं नाव आलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत थांबतो.