वेन्लॉक एज : स्थलनाम, काव्य आणि संगीत

इंग्लंडच्या पश्चिम भागातील श्रॉपशर परगण्यात क्रेव्हन आर्म्सपासून मच वेन्लॉकपर्यंत सुमारे १५ मैल पसरलेला चुनखडीचा कडा ‘वेन्लॉक एज’ या नावाने ओळखला जातो. आग्नेयेकडून तो संथपणे चढत जातो आणि वायव्येस एकदम तुटतो. ज्या उथळ, उष्ण समुद्रात प्रवाळादी जीवांच्या सांगाड्यांतून हा दगड घडला, तो सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वीचा होय. भूशास्त्राने त्या कालखंडालाही ‘वेन्लॉक’ हेच नाव दिले आहे. इंग्रजी ‘एज’ या शब्दात शस्त्राची धार व डोंगराची कड असे दोन्ही अर्थ नांदतात. सह्याद्रीतही डोंगराला ‘धार’ असतेच, तेव्हा मराठी वाचकास हे लक्षणासाहचर्य परके वाटण्याचे कारण नाही.

ए. ई. हाउस्मन यांच्या ‘अ श्रॉपशर लॅड’ (१८९६) या संग्रहातील एकतिसावी कविता या कड्यावरील वादळाची आहे. आज अरण्य ज्या वाऱ्याने वाकते आहे, तोच वारा रोमन नगरी उभी असतानाही वाहत होता, आणि आजच्या माणसाच्या मनातील खळबळ ही त्या रोमनाचीच खळबळ होय, असा तिचा आशय. निसर्ग शाश्वत व मानव क्षणभंगुर, एवढाच तिचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. तो अपुरा आहे. या कवितेत शाश्वत आहे तो वारा आणि ती व्यथा. नगरी तेवढी नष्ट झाली आहे. पण तिचे नाव नष्ट झालेले नाही. रोमन व्हिरोकोनियम आज रॉक्सेटर या खेड्याच्या नावात उरले आहे आणि कवितेत ज्या रेकिन टेकडीचा उल्लेख येतो तिच्या नावाचा संबंधही भाषाशास्त्रज्ञ त्याच मूळ शब्दाशी जोडतात. एकाच कवितेत भस्मसात झालेली नगरी आणि तिच्या नावाशी नाते सांगणारी टेकडी शेजारी येतात, हे कवीच्या ध्यानी होते की नाही हा प्रश्न गौण आहे. भाषेच्या ध्यानी ते आहे.

हाउस्मन श्रॉपशरचे नव्हेत. ते १८५९ साली शेजारच्या वुस्टरशरमध्ये जन्मले, आणि त्यांच्या बालपणी श्रॉपशर म्हणजे पश्चिम क्षितिजावरील टेकड्यांची रांग होती. संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लॅटिनचे प्राध्यापक होते. मॅनिलियसच्या पाठचिकित्सेत एकेका अक्षरासाठी झुंजणारा हा पंडित स्थळांच्या बाबतीत मात्र मोकळा दिसतो. कड्याच्या पायथ्याशी असलेल्या ह्यूली गावच्या चर्चला त्यांनी दुसऱ्या एका कवितेत उंच शिखर दिले. प्रत्यक्षात तेथे तसे शिखर नाही. नावाचा नाद त्यांना हवा होता. भूगोलाचा हा दोष काव्याचा दोष ठरत नाही.

राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी रॅव्हेल यांच्याकडे काही काळ अध्ययन केल्यानंतर, १९०९ मध्ये, याच संग्रहातील सहा कवितांना टेनर, पियानो व चार तंतुवाद्ये यांच्यासाठी स्वरबद्ध केले. गीतमालेचे नावही या कड्याचेच. पहिल्या गीतात तंतुवाद्यांच्या थरथरीने वादळ उभे राहते, पण ते वर्णनापुरते उरत नाही. गायकाचा स्वर त्यातून वाट काढीत जातो, आणि मूळ कवितेतील शास्त्रशुद्ध संयमाच्या जागी उघडी अस्वस्थता येते. हे स्वातंत्र्य समर्थनीय आहे.

तिसऱ्या गीतासंबंधी तसे म्हणता येत नाही. मृत तरुण आपल्या जिवंत मित्रास प्रश्न विचारतो अशी ती कविता. तिच्यातील फुटबॉलच्या खेळाची दोन कडवी संगीतकाराने वगळली, आणि कवीने त्याबद्दल नाराजी व्यक्त केली. संगीतकाराच्या मते ती कडवी गाण्याच्या योग्यतेची नव्हती. परंतु प्रश्नांचा क्रम पाहावा : आधी नांगराचे घोडे, मग खेळ, मग प्रेयसी, अखेरीस तो मित्र स्वतः. खेळाची पायरी काढली की मृताची चौकशी शेतावरून थेट प्रेयसीवर येते आणि गावातील रोजच्या जगण्याचे जे निरुपद्रवी आवरण शेवटच्या उत्तराला झाकून ठेवते ते फाटते. जॉर्ज बटरवर्थ यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या रचनेत ही दोन्ही कडवी राखली आणि केवळ पियानोच्या साथीवर, अगदी थोडक्या स्वरांत, तीच भीती निर्माण केली. ते स्वतः १९१६ च्या ऑगस्टमध्ये सोमच्या रणभूमीवर मारले गेले. त्यानंतरच्या श्रोत्यांना मृताचे ते प्रश्न १८९६ चे वाटले नाहीत.